पाच ते सहा, आवाज स्वच्छ

३ फेब्रुवारी

ही वही फक्त आवाजाच्या नोंदींसाठी. चौतीस वर्षं रेडिओत ध्वनिमुद्रण केलं, तेव्हाही अशी वही ठेवायचे. दोष कधी येतो, किती वेळ टिकतो, एवढं नेमाने लिहिलं की तो बिचारा आपणहून पकडला जातो.

तर दोष: दोन्ही लाउडस्पीकरमध्ये घरघर. टेप चालू असो वा बंद. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी जात नाही. म्हणजे टेपचा दोष नाही. बाहेरून काहीतरी विजेच्या वायरीतून नाहीतर हवेतून आत शिरतंय.

आमचा म्हातारा मागच्या खोलीतून ओरडला, "मधमाश्या पाळल्यास का गं?"

"पाळल्या असत्या तर निदान मध तरी मिळाला असता," मी म्हटलं.

४ फेब्रुवारी

दिवसभर घरघर. बाहेर कोळशाचा धूर इतका की समोरची इमारत दिसत नाही.

ही घाई कशासाठी, तेही लिहून ठेवते. रेडिओचं जुनं भांडार रिकामं केलं तेव्हा चौदा रिळं मी पिशवीत घालून घरी आणली. १९८३ साली नारिनच्या डोंगराळ कुरणांवर जाऊन मीच मुद्रित केलेली. लोकरीचा नमदा मळताना, घोडीचं दूध काढताना बायका गायच्या, ती गाणी. आता टेपवरचा लेप सुटायला लागलाय. एकदा वाजवली की तपकिरी भुकटी यंत्रावर उरते आणि गाणं गेलं ते गेलंच. म्हणजे प्रत्येक रीळ एकदाच वाजणार. त्या एका वेळी ते कॉम्प्युटरवर उतरवायचं, आणि ऐकायचंही तेव्हाच. त्यात ही घरघर उतरली तर ती कायमची.

चौदाव्या रिळावर बुरमाकान आहे. तिची नात आयजारकिन नारिनला शाळेत शिकवते. आजीचा आवाज तिने कधी ऐकलेला नाही. डिसेंबरपासून तिचे तीन फोन झाले. "घाई नाही हं, अनारकान आपा," म्हणते, आणि लगेच विचारते, "पण साधारण कधी?"

६ फेब्रुवारी

पहिला संशय अर्थातच म्हाताऱ्याच्या ऑक्सिजनच्या मशीनवर. डिसेंबरात त्याची फुप्फुसं अगदीच थकली, तेव्हा डॉक्टर चिनाराने ते बसवलं. मागच्या खोलीच्या काचबंद बाल्कनीत असतं, लांब नळी त्याच्या नाकापर्यंत येते. दिवसातून सोळा तास तरी चालू ठेवायचं, असं बजावलंय.

आज नीट तपासलं. घरातला मेन स्विच खाली ओढला. मशीन बंद, फ्रिज बंद, सगळं बंद. बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधे लावून घरभर फिरले. घरघर जशीच्या तशी, कणभरही फरक नाही. दोन मिनिटांत मेन स्विच वर केला.

"माझ्यावर संशय!" म्हातारा धापा टाकत हसला. "चाळीस वर्षांच्या संसारानंतर!"

"तुम्ही सुटलात. निर्दोष."

निष्कर्ष: आपलं घर निर्दोष. दोष बाहेरचा.

९ फेब्रुवारी

सापडला! ट्रान्झिस्टर कानाला लावून जिन्यावरून चढले, उतरले. चौथ्या मजल्यावर कमी, दुसऱ्यावर जोरात, आणि खालच्या शेजारणीच्या, झिनाइदा फ्योदोरोव्नाच्या दारापाशी तर नुसता किंचाळला.

दार उघडून ती माझ्याकडे बघतच राहिली. "अनारकान, आता दारोदार फिरून बातम्या ऐकतेस?"

आत गेले. खिडकीत, टेबलावर, कपाटावर, जिकडेतिकडे दह्याचे रिकामे डबे, त्यात टोमॅटो आणि मिरचीची बोटभर रोपं, वर जांभळट प्रकाशाचे सहा दिवे. बाजारातून आणलेले, स्वस्तातले. एक बंद केला की ट्रान्झिस्टर थोडा शांत होई. सहावा बंद केला आणि मला हायसं वाटलं.

"लाव परत!" ती म्हणाली. "लेकरं आहेत ती माझी. चौदा तास उजेड लागतो."

"मला एकच तास शांतता लागते."

"तुझ्या गाणाऱ्या बायका मेल्या, अनारकान. माझे टोमॅटो जिवंत आहेत."

दिवे दुरुस्त करून देते म्हटलं, तेव्हा कुठे ती राजी झाली. चहा प्यायले. सहाही दिवे पिशवीत घालून वर आणले. यातलं विजेचं सामानच भिकार, ते बदलते. तोवर तिने आपली लेकरं खिडकीशी ठेवलीत, आणि जिन्यात भेटेल त्याला माझी कहाणी सांगतेय.

१२ फेब्रुवारी

दिवे दुरुस्त करून दिले. झिनाइदाची रोपं खूश, मी ऐंशी टक्के खूश. मोठी घरघर गेली. पण तिच्याखाली एक बारीक गुणगुण दडलेली होती, ती आता उघडी पडली. आणि ठरावीक वेळाने एक 'टिक'.

रात्री जेवताना म्हाताऱ्याला सांगितलं. तो सूप पीत होता.

"किती वेळाने होते टिक?" त्याने विचारलं.

"सहा-सात सेकंदांनी. लिफ्टची मोटर असेल. नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानाचा फ्रीजर."

चमचा वाटीत ठेवून बराच वेळ बाल्कनीच्या दाराकडे बघत बसला. मग म्हणाला, "सात. सातच असतील."

१४ फेब्रुवारी

लिफ्ट निर्दोष. आमच्यासाठी ती सकाळभर बंद ठेवली म्हणून चौथ्या मजल्यावरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. दुकानाचा फ्रीजरही निर्दोष. या इमारतीत अर्थिंगची तारच नाही, त्यामुळे कोणाच्या घरचं पाप कोणाच्या घरात वाहत येईल सांगता येत नाही.

वायरीतली घाण गाळायला एक चाळणी करतेय. जुन्या ट्रंकेत तारेची वेटोळी आहेत, लोखंडी कडी आहेत. डोळ्यांनी पूर्वीसारखं डाग देता येत नाही. बोट भाजलं.

१६ फेब्रुवारी

चाळणी बसवली. दुपारी काहीच फरक पडला नाही. हिरमुसून बसले होते. पाच वाजता सहज पुन्हा लावून बघितलं तर...

शांत! गुणगुण नाही, टिक नाही. मी श्वास रोखून ऐकत राहिले. सहावं रीळ लावलं; पहिली पाच डिसेंबरच्या आधीच उतरवून झाली होती. नमद्यावर पाणी शिंपडल्याचा आवाज, एक बाई खोकते, मग हसते, मग सगळ्या गातात. खोलीत येऊन बसल्यासारख्या. बेचाळीस वर्षांपूर्वी हेडफोनमध्ये ऐकलं होतं, तेव्हाही इतकं स्वच्छ नव्हतं.

सहा वाजता धावत मागच्या खोलीत गेले. म्हातारा खुर्चीत मान टेकून होता. "चाळणी चालली!" मी ओरडले.

"चालणारच," तो म्हणाला. "कुणी केलीय!" त्याचा चेहरा असा की जणू त्यानेच बक्षीस मिळवलंय.

१९ फेब्रुवारी

विचित्र आहे. चाळणी फक्त पाच ते सहा काम करते. सकाळी टिक आहे, दुपारी आहे, सहानंतर पुन्हा आहे. खरं तर संध्याकाळी सगळं शहर चुली आणि हीटर लावतं, तेव्हा वायरीत घाण जास्त हवी. कुठलातरी कारखाना पाचला बंद होत असेल आणि सहाला दुसरी पाळी लागत असेल. कारण शोधत बसायला वेळ नाही. मिळालेला तास वापरायचा.

म्हातारा आता रोज पाचला स्वतःच म्हणतो, "दार ओढून घे. मी जरा पडतो. तू ऐक तुझं." गुणी झालाय.

२३ फेब्रुवारी

सात, आठ, नऊ, दहा झाली. पाच ते सहा, आवाज स्वच्छ.

फक्त आज पाच वाजता टिक होती. डॉक्टर चिनारा आली होती, अर्धा तास त्याच्यापाशी बसली. तिच्या मोबाइलमुळे असणार. तिने म्हाताऱ्याच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघितला आणि भुवया चढवल्या.

"आजोबा, मशीन पुरेसा वेळ लावता ना?"

"बायकोपेक्षा जास्त वेळ मी त्याच्याबरोबर असतो, मुली."

ती हसली नाही. जाताना मला म्हणाली, "ओठांचा रंग बघत राहा." मी म्हटलं, धुरामुळे सगळ्यांचाच रंग उडालाय.

ती गेल्यावर त्याने मला जाकीन म्हणून हाक मारली. जाकीन त्याची बहीण, वारून अकरा वर्षं झाली. मी चूक दाखवली तर म्हणाला, "झोपेत होतो." पण डोळे उघडे होते.

२५ फेब्रुवारी

आज रीळ नाही लावलं, डोकं दुखत होतं. म्हणून नियम मोडून दुसरंच लिहिते.

म्हाताऱ्याचं नाव जुमाश. तोंडाने मी ते घेत नाही, वहीत घेतलं. तो ट्रॉलीबस चालवायचा. १९८४ साली आमच्या स्टुडिओवरून जाणाऱ्या तारांतून ठिणग्या उडायच्या आणि माझ्या मुद्रणात करवत चालल्यासारखा आवाज यायचा. मी तणतणत डेपोत गेले. तिथल्या साहेबाने पिच्छा सोडवायला एका ड्रायव्हरला माझ्याबरोबर पाठवलं, "जा, ऐकून ये." त्याने हेडफोन लावले, सगळं ऐकलं, आणि मला वाटलं आता माफी मागेल. म्हणाला, "ही दुसरी ठिणगी आहे ना, ती माझ्या बसची. वळणावरची."

त्यानंतर तो त्या वळणावर बस इतकी हळू न्यायचा की लोक आतून ओरडायचे. मुद्रणाच्या वेळा त्याने पाठ केल्या होत्या. हे मला लग्नानंतर कळलं, तेही दुसऱ्या ड्रायव्हरकडून.

आज सकाळी त्याच्या बोटांची नखं बघितली. निळसर. थंडी आहे म्हणून हातमोजे घालायला दिले.

१ मार्च

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहून काढते.

आयजारकिन वाट बघतेय म्हणून मधली सोडून पाचला चौदावं रीळ लावलं. बुरमाकान. पहिल्या ओळीलाच अंगावर काटा आला. आवाज वाळलेल्या गवतासारखा, आणि मधेच एकदम ओला. पहिलं गाणं संपताना वाटलं, हे एकटीने ऐकायचं नाही. म्हाताऱ्याला उठवून आणावं. टेप चालू ठेवून दार उघडलं.

तो खुर्चीत एका बाजूला कलला होता. नळी नाकात होती. तोंड राखेसारखं, ओठ जांभळे. मी हलवलं तर डोळे अर्धे उघडले, पण मला ओळखलं नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं, बाल्कनीतून काहीच आवाज येत नाहीये. मशीन बंद. बटण बंद केलेलं.

चालू केलं. खिडकीतून झिनाइदाला हाका मारल्या. तिने रुग्णवाहिका बोलावली आणि घरच्या चपलांनी वर धावत आली. मी त्याचं डोकं धरून बसले. पुढच्या खोलीत बुरमाकान गात होती. तिला बंद करायला कुणी गेलं नाही. मग रीळ संपलं आणि टेपचं टोक फडफडत राहिलं, आम्ही त्याला खाली नेईपर्यंत.

२ मार्च

दवाखाना. आत सोडत नाहीत.

४ मार्च

घरी आले, कपडे न्यायला. ही वही उघडून पहिल्यापासून वाचली.

'सात. सातच असतील.' रात्र रात्र त्या मशीनशेजारी झोपणारा माणूस. त्यालाच सेकंद माहीत असणार. आणि मी लिफ्ट बंद करत बसले.

चूक कुठे झाली तेही दिसलं. मी मशीन तपासलं तेव्हा झिनाइदाचे दिवे चालू होते. मोठ्या घरघरीत लहान कशी ऐकू येणार? दिवे गेल्यावर पुन्हा तपासायला हवं होतं. शिकाऊ मुलाने असं केलं असतं तर मी त्याला स्टुडिओबाहेर काढला असता.

पण खरं कारण ते नाही. या वहीत तरी खोटं कशाला? बाल्कनीतला तो आवाज मला डिसेंबरपासून ऐकू येत होता. फुस्स, टिक. फुस्स, टिक. ऐकू यायला नको म्हणून मी दार ओढून घ्यायचे. तो आवाज ओळखला असता तर म्हातारा आजारी आहे हेही मान्य करावं लागलं असतं.

५ मार्च

आज आत सोडलं. म्हातारा उशीला टेकून बसला होता, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. मला बघून त्याने तो खाली ओढला.

"झालं का पूर्ण?"

"काय?"

"रीळ. बुरमाकान."

मला इतका राग आला की शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकला. "गाढव आहात तुम्ही! गाण्यासाठी कुणी श्वास बंद करतं?"

"एक तासच होता गं. मला वाटलं निभेल."

"मरत होतात!"

"निभलं ना?" मग भिंतीकडे बघत म्हणाला, "तू दार ओढून घेतलंस की मी एकटाच त्या डब्याशी. त्या दिवशी तो बंद केला आणि तुझा आवाज ऐकला. तू गुणगुणत होतीस. किती वर्षांनी! म्हटलं, हे मला जमतंय. बाकी आता काय जमतं मला? बूट घालायलासुद्धा तू लागतेस."

मी मुखवटा त्याच्या तोंडावर बसवला. नीट बसत नव्हता. परिचारिकेने बसवून दिला.

११ मार्च

म्हातारा घरी. मशीन बाल्कनीतून काढलं आणि पुढच्या खोलीत माझ्या अँप्लिफायरशेजारी ठेवलं. त्याची खुर्चीही तिथेच. लाउडस्पीकरमध्ये टिक अशी की भिंतीवर कुणी बोटाने वाजवतंय.

"खराब येतोय आवाज," तो म्हणाला.

"आवाज बघणं माझं काम की तुमचं? गप बसा."

शहरातल्या एका ओळखीच्या ध्वनिमुद्रकाने स्टुडिओतलं यंत्र दिवसभर वापरायला देतो म्हटलंय. आधीच विचारलं असतं तर! पण मला माझ्याच घरी, माझ्याच हाताने करायचं होतं. अकरा ते तेरा तिथे नेऊन उतरवेन. गडबडीत ती मागेच राहिली होती.

बुरमाकान मात्र उतरली आहे. पहिलं गाणं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही डाग नाही; मशीन चालू केलं तिथून पुढे बारीक टिक आहे. ती फाइल पाठवावी की नाही यावर दोन दिवस घालवले. शेवटी म्हातारा म्हणाला, "पाठव. नाहीतर मी फुकट निळा झालो."

पाठवली. तासाभरात आयजारकिनचा फोन. बराच वेळ नुसती रडत होती. "आपा, आजी माझ्या शेजारी बसल्यासारखी वाटते. तिच्या कानातल्याचा आवाजसुद्धा येतो. इतकं स्वच्छ कसं केलंत?"

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो पाव मलईत बुडवत होता आणि आपण काही ऐकतच नाही असं दाखवत होता.

"एकाने मदत केली," मी म्हटलं.

१८ मार्च

दुपारी तीनला वीज गेली.

पुढच्या खोलीत रेडिओ ऐकत होतो दोघं. सगळं एका क्षणात बंद. मशीनने एक लांब शीळ घातली आणि तेही थांबलं. चिनाराने अशा वेळेसाठी ऑक्सिजन भरलेल्या दोन रबरी उशा ठेवल्या आहेत. पहिली त्याच्या काखेत दिली, नळी तोंडाशी धरली आणि हळूहळू दाबू लागले.

झिनाइदा वर आली. "माझी लेकरं अंधारात आहेत," म्हणाली, आणि मला उशी दाबताना बघितलं. चपला काढून पलीकडे बसली.

अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. फ्रिज नाही, लिफ्ट नाही, दिवे नाहीत, कुठल्याच वायरीत काही नाही. हीच शांतता मिळावी म्हणून मी महिनाभर जिने चढले. तिच्यात म्हाताऱ्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना खरखर. आणि दोन श्वासांच्या मधली जागा. ती जागा मला ऐकवत नव्हती.

पहिली उशी संपली. दुसरी लावली. हात दुखले तेव्हा झिनाइदाने उशी घेतली. "हळू," मी म्हटलं. "कणीक मळत नाहीयेस."

"माझ्या आईला मी अशीच दाबत होते," ती म्हणाली. "गप बस आणि श्वास मोज."

म्हातारा डोळे मिटून होता, पण माझा अंगठा त्याने घट्ट पकडला होता. दुसरी उशी अर्ध्यावर आली. झिनाइदाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे नाही बघितलं.

मग फ्रिज हुंकारला. मशीन दोनदा ओरडलं आणि सुरू झालं. मी नळी त्याच्या नाकात बसवली. दोनदा बसवावी लागली.

रेडिओ पुन्हा लागला नाही, पण अँप्लिफायर चालूच राहिला होता. अर्ध्या मिनिटाने त्याचे जुने व्हॉल्व्ह तापून लाल झाले आणि लाउडस्पीकरमधून गुणगुण हळूहळू वर यायला लागली. आधी इतकी बारीक की भास वाटावा. मग भरली. आणि मग, टिक. सात सेकंद. टिक.

मी खाली बसून रडले. झिनाइदा उठून बटणाकडे गेली. "बंद करू का हे? कटकट नुसती!"

"हात लावू नकोस!"

म्हाताऱ्याच्या ओठांना रंग येत होता. त्याने एक डोळा उघडला. "अगं, काहीतरी चांगलं लाव," म्हणाला. "एखादं गाणं."

"थांबा जरा," मी म्हटलं. "हे ऐकतेय."